गाठ, फीत आणि पावती

"दुखत नाही ना? मग काही नसेल, राहू दे."

छातीत गाठ लागतेय असं एखादीने दबक्या आवाजात सांगितलं, की बहुतेक घरांत पहिलं उत्तर हे मिळतं. कधी सासू देते, कधी नवरा, आणि पुष्कळदा तिचं तिनेच ते स्वतःला देऊन टाकलेलं असतं. आपल्या भाषेत आजारपणाला नावच मुळी 'दुखणं' आहे. जे दुखत नाही ते दुखणं कसं असेल, असा हा सरळ हिशेब. स्तनाचा कर्करोग नेमका इथे फसवतो. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. ती टणक असते, तिच्या कडा नीट हाताला लागत नाहीत आणि ती महिनोन्‌महिने गप्प बसून असते. उलट पाळीच्या आधी स्तन जड होतात, ठणकतात, गुठळ्या लागतात आणि पाळी येऊन गेली की ओसरतात, त्या बहुधा साध्या असतात. तेव्हा न दुखणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा लवकर दाखवायची, हे सगळ्यांत आधी सांगून टाकते.

आणि लगेच दुसरी बाजू. गाठ म्हणजे कर्करोगच असं नाही. स्तनातल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. विशी-तिशीतल्या मुलींना गोटीसारखी, बोटाखालून सटकणारी गाठ लागते, ती बहुधा फायब्रोअडेनोमा असते आणि तिच्यावर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पण कोणती गाठ कुठल्या जातीची, हे घरी बसून ठरवता येत नाही. शेजारच्या काकूंनाही ठरवता येत नाही, त्यांच्या बहिणीला अगदी तश्शीच गाठ होती तरीही.

भारतात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडले आणि ९८ हजारांहून अधिक स्त्रिया त्याने गेल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर फार कमी आहे. का, ते आपल्याच देशातल्या कर्करोग नोंदणीच्या दुसऱ्या एका अभ्यासातून कळतं. २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या सतरा हजारांवर स्त्रियांचा त्यात मागोवा घेतला होता. रोग स्तनापुरताच असताना सापडलेल्यांपैकी ८१ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पसरल्यावर सापडलेल्यांमध्ये हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या घरात आलं आणि दूरच्या अवयवांत पसरल्यावर १८ टक्क्यांवर. रोग एकच. फरक पडला तो किती लवकर सापडला याचा.

मग ओळखायचं काय? गाठ तर आहेच, स्तनात किंवा काखेत. त्याखेरीज स्तनावरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची दिसू लागणं, एखाद्या ठिकाणी कातडी आत ओढली जाणं. आजवर बाहेर असलेलं बोंड अलीकडे आत गेलं असेल, तर तेही. (जन्मापासून आत असेल तर त्याची काळजी नको.) बोंडातून आपोआप रक्तासारखा स्राव येणं, बोंडावर खरूज असावी तशी न बरी होणारी जखम, एका स्तनाचा आकार अचानक बदलणं, लाली आणि सूज येऊन औषधानेही न उतरणं. यांतलं काहीही दोन-तीन आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जायचं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत तर मी आणखी कडक बोलेन. तिला गाठ लागली की सगळे एका सुरात "दुधाची गाठ आहे" म्हणतात. बहुतेकदा असतेही. पण शेक देऊन, पाजून, औषध घेऊनही ती गेली नाही, तर ती दुधाची आहे हे सोनोग्राफीला म्हणू दे.

एक गंमत सांगते, पण ती गंमत नव्हे. आपण 'स्तन' हा शब्द उच्चारायला इतक्या लाजतो की सगळं 'छातीत' म्हणतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दवाखान्यात "छातीत काहीतरी होतंय" एवढंच सांगितलं आणि त्यांचा ईसीजी काढून, तो चांगला आला म्हणून त्यांना घरी पाठवलं गेलं. त्याही निमूट परत आल्या. गाठीबद्दल तोंड उघडायला पुढे चार महिने लागले. नशिबाने गाठ साधी निघाली. तेव्हा डॉक्टरांसमोर शब्द स्पष्ट वापरा: कुठल्या बाजूच्या स्तनात, कधीपासून, वाढतेय का.

आता स्वतःच्या हाताने करायच्या तपासणीबद्दल. शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांत अजूनही 'दर महिन्याला स्वतः तपासा, जीव वाचवा' असं ठासून सांगतात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. चीनमधल्या शांघायच्या कापड गिरण्यांतल्या दोन लाख सहासष्ट हजार स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना स्व-तपासणी काटेकोर शिकवली, निम्म्यांना नाही. दहा-अकरा वर्षांनी, २००२ साली निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांतल्या मृत्यूंत फरक नव्हता, मात्र शिकवलेल्या गटात साध्या गाठींच्याच बायोप्सी जास्त झाल्या होत्या. म्हणून हल्ली डॉक्टर महिन्याच्या परीक्षेपेक्षा 'आपल्या शरीराची ओळख ठेवा' यावर भर देतात. रोज पोळ्या करणारीला कणकेत एक खडा आला तरी बोटांना कळतो, ती ही ओळख. पाळी सुरू झाल्यापासून सात-दहा दिवसांनी, आणि पाळी थांबलेल्यांनी महिन्यातला कुठलाही एक दिवस धरून, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने मधल्या तीन बोटांच्या सपाट भागाने गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत गोल गोल दाबत जावं. चिमटीत धरू नये. चिमटीत सगळंच गाठीसारखं लागतं. काही वेगळं लागलं तर दाखवावं, नाही लागलं तर आंघोळ उरकावी. मात्र 'मला काही लागत नाही' म्हणून दुसऱ्याकडून होणारी तपासणी चुकवू नये.

ती दुसऱ्याकडून होणारी तपासणी हा या लेखाचा गाभा आहे आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच तयार झाला. १९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या वीस वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया घेऊन एक अभ्यास सुरू केला. दहा वस्त्यांत खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी (डॉक्टरांनी नव्हे, हे लक्षात घ्या) दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. ना मॅमोग्राफी, ना महागडी यंत्रं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या वस्त्यांत सापडलेल्या कर्करोगांपैकी ४७ टक्के तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले होते. तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७ टक्के. मृत्यूंत एकंदर १५ टक्के घट दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती ठाम म्हणता आली नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले, आणि ही घट कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतल्यांचा रोगही लवकरच्या टप्प्यात सापडत होता, पण मृत्यूंमधली घट त्यांच्यात सिद्ध झाली नाही.

म्हणजे शिकलेल्या बाईचा हात पन्नाशीपुढच्या बाईचा जीव वाचवू शकतो. आता आपल्याकडची जागृती शिबिरं बघा. कॉलेजात, आयटी कंपनीत, मंगळागौरीच्या स्पर्धेत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. हळदीकुंकवाला डॉक्टरीणबाई बोलावतात ही चांगलीच प्रथा पडली आहे. पण त्या हॉलमध्ये बसलेलं कोण असतं? पन्नाशी-साठीतल्या कित्येक बायका विधवा असतात आणि त्यांना बोलावणंच जात नाही. ज्या वयाला या तपासणीचा सर्वांत जास्त उपयोग, त्या वयाच्या बाईला आपण दाराबाहेर ठेवून गर्भाशय-स्तन-आरोग्य यांवर भाषणं ऐकतो. तुमच्या सोसायटीत, गावात असा कार्यक्रम ठरत असेल तर निमंत्रणपत्रिकेत 'सर्व स्त्रियांना' हे दोन शब्द घाला आणि घराघरांत जाऊन त्यांचा अर्थ सांगा. वाण म्हणून प्लास्टिकचा डबा वाटण्यापेक्षा जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता, तपासणीचा वार आणि सिस्टरचं नाव छापलेलं कार्ड वाटलं, तर ते स्वस्तही पडेल.

सरकारी व्यवस्थेत ही सोय कागदावर कधीचीच आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा स्तन-तपासणी व्हावी, असं २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलं आहे आणि ती उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर इथे विनामूल्य व्हायची आहे. प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या भारतभरात ०.९ टक्के निघाल्या. शंभरांत एकही पुरती नाही. शेजारच्या गोव्यात सरकारने २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' या नावाने मोहीम काढली आणि हातात मावणाऱ्या उपकरणाने आरोग्य केंद्रांतच तपासणी सुरू केली. आपल्याकडे आशाताईला विचारा. तिच्याकडे तीस वर्षांवरच्यांचे फॉर्म भरायचं काम असतंच. मागणारी बाई आली की सोय हलते, हा माझा अनुभव आहे.

गाठ सापडलीच, तर पुढचा रस्ता तीन पायऱ्यांचा असतो: डॉक्टरांचा हात, मग चित्र, मग सुई. चित्र म्हणजे साधारण चाळिशीपुढे मॅमोग्राफी आणि त्याआधी बहुधा सोनोग्राफी, कारण तरुण स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपते. मॅमोग्राफीला जाताना काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्याचे कण चित्रात पांढरे ठिपके होऊन बसतात. दोन भागांचा पोशाख घाला, वर काढला की काम होतं. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो, ते नकोसं वाटतं. पाळीनंतरच्या आठवड्यात गेलं तर कमी वाटतं. रिपोर्टवर 'बाय-रॅड्स' असं लिहून एक आकडा असतो. तो वाचायला शिका. एक आणि दोन म्हणजे काळजी नको. तीनला सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. चार आणि पाचला बायोप्सी करायचीच. आणि शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे. शून्य म्हणजे चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. शून्य वाचून पेढे वाटलेलं घर मला माहीत आहे.

सुईला, म्हणजे बायोप्सीला, लोक सर्वांत जास्त घाबरतात. 'सुई लावली की पसरतो' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही एसटी स्टँडवर ऐकायला मिळेल. बायोप्सीने कर्करोग पसरत नाही. खरा धोका उलट्या बाजूला आहे. छोट्या गावात एखादे सर्जन "बघू, काढूनच टाकू" म्हणतात, गाठ काढतात आणि ती तपासायला पाठवतच नाहीत. सहा महिन्यांनी त्याच जागी पुन्हा काही उगवतं आणि मग पहिली गाठ कसली होती हे सांगायला कोणी नसतं. आधी जाड सुईची बायोप्सी, मग अहवाल, मग शस्त्रक्रिया, हा क्रम धरा. काढलेली कोणतीही गाठ पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. तिथले ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवा, मोठ्या रुग्णालयात गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू यांचे निकाल आहेत का ते पाहा, पुढची औषधं त्यांवर ठरतात. निदान साठ दिवसांच्या आत पुरं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे. तुम्ही कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

"आमच्या घराण्यात कुणाला नाही" हेही ऐकू येतं. आनुवंशिक कर्करोग शंभरात पाच ते दहाच असतात, बाकीच्यांपैकी बहुतेकांच्या घराण्यात आधी कुणाला नव्हताच. आणि पुरुष वाचत असतील तर त्यांच्यासाठी: शंभरात एखादा रुग्ण पुरुष असतो. बोंडामागे टणक गाठ लागली तर तुम्हीही लाजू नका.

आता या रोगाच्या जागृतीची खूण झालेल्या गुलाबी फितीकडे वळते. कारण ऑक्टोबर आला की दुकानं गुलाबी होतात. आपल्याकडे ते नवरात्राच्या नऊ रंगांत आणि दिवाळीच्या खरेदीत बेमालूम मिसळून जातं. दोन वर्षांपूर्वी मीही एक गुलाबी पाण्याची बाटली घेतली. फीत छापलेली, वर 'या खरेदीतून कर्करोगग्रस्त स्त्रियांना मदत' असं काहीसं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "किती मदत जाते?" ती गोड हसली, "मॅडम, कॉझसाठी आहे." किती, कुणाला, हे ना तिला माहीत, ना तिच्या मॅनेजरला, ना बाटलीला. साध्या बाटलीपेक्षा दीडशे रुपये जास्त दिले होते मी. मी स्वतःला हिशेबी समजते, म्हणून तो दीडशेचा सल अजून आहे.

ही फीत मुळात गुलाबी नव्हती. शार्लट हेली नावाच्या कॅलिफोर्नियातल्या अडुसष्ट वर्षांच्या बाई नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या जेवणाच्या टेबलावर पीच रंगाच्या फिती वळत बसत. त्यांच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला हा रोग झाला होता. पाच पाच फिती एका कार्डाला लावून त्या हातोहात वाटत. कार्डावर मजकूर असा, की अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या १.८ अब्ज डॉलरच्या अंदाजपत्रकातला जेमतेम पाच टक्के वाटा प्रतिबंधावर जातो, लोकप्रतिनिधींना जागं करायला ही फीत लावा. म्हणजे ती फीत खरेदीची नव्हती, जाब विचारण्याची होती. 'सेल्फ' या मासिकाने आणि एस्टी लॉडर या प्रसाधन कंपनीने ती मागितली. हेलीबाईंनी नकार दिला, हे फार धंदेवाईक होतंय म्हणाल्या. वकिलांनी तोड काढली, रंग बदला. १९९२ च्या ऑक्टोबरात गुलाबी फीत प्रसाधनांच्या काउंटरवर आली. त्याआधी, १९८५ पासून ऑक्टोबर हा जागृतीचा महिना पाळायला सुरुवात झाली होती, त्यात अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या जोडीला एका रसायन कंपनीचा औषध विभागही होता. टॅमॉक्सिफेन हे या रोगावरचं औषध त्याच कंपनीचं. यात मला कट दिसत नाही. त्या औषधाने लाखो स्त्रियांना जगवलं आहे आणि एस्टी लॉडर घराण्यातल्या एव्हलिन लॉडर यांनी उभ्या केलेल्या प्रतिष्ठानाने संशोधनाला खरोखर पैसा दिला आहे. पण रंगाला मालक नसतो, आणि मग कुणीही तो फासतो.

किती फासावा? अमेरिकेत योप्लेट दह्याच्या कंपनीने मोहीम काढली: गुलाबी झाकण धुऊन टपालाने पाठवा, झाकणामागे दहा सेंट दान. चार महिने रोज तीन डबे दही खाल्लं तर दान होतं छत्तीस डॉलर. झाकणं पाठवायचा टपालखर्च वेगळा. २०१४ मध्ये तर तेलविहिरी खोदणाऱ्या बेकर ह्यूज कंपनीने हजार ड्रिल बिट गुलाबी रंगवून बाजारात आणले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन' या संघटनेने २००२ पासून अशा गुलाबी मुलाम्याविरुद्ध 'गुलाबी होण्याआधी विचार करा' ही मोहीम चालवली आहे. त्यांनी त्याच दहीवाल्या कंपनीला विचारलं, की तुमच्या दह्याचं दूध वाढीचं संप्रेरक टोचलेल्या गाईंचं आहे, मग ही फीत कशाला? पत्रांचा मारा झाला आणि २००९ मध्ये कंपनीने ते दूध वापरणं थांबवलं. माझ्या लेखी गिऱ्हाइकाने विचारलेल्या एका प्रश्नाने जे साधलं, ते हजारो झाकणांनी साधलं नव्हतं.

म्हणून गुलाबी वस्तू हातात घेतलीत तर चार गोष्टी विचारा. या किमतीतले नेमके किती रुपये जातात? 'काही हिस्सा' हे उत्तर नाही. एकूण दानाला कमाल मर्यादा आहे का? ती आधीच गाठली गेली असेल तर तुमची खरेदी नुसती खरेदी. पैसे कोणत्या संस्थेला, आणि कशासाठी: उपचार, तपासणी, संशोधन की पुन्हा जागृतीचे फलक? आणि ही रक्कम कंपनी एरवीही देणारच होती का? आपल्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेच लागतात. उत्तरं पाकिटावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळाली तर खुशाल घ्या, वस्तू मुळात लागत असेल तर. नाही मिळाली तर साधी बाटली घ्या आणि उरलेले दीडशे थेट संस्थेला पाठवा.

थेट दिलं की पावती तुमच्या नावाची मिळते. दुकानात मिळते ती बाटलीची. देण्याआधी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि आयकराच्या ८०जी सवलतीचं प्रमाणपत्र मागा, भल्या संस्थेला त्याचा राग येत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर सवलतीसाठी दोन हजारांपेक्षा मोठी रक्कम रोख देऊ नका.

पैसा कुठे लागतो हे बघायचं तर परळला, टाटा रुग्णालयापाशी जा. शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज, तीन ते पाच आठवडे चालतात. नांदेडहून किंवा चोपड्याहून आलेल्या बाईने आणि तिच्यासोबतच्या माणसाने महिनाभर मुंबईत राहायचं कुठे? दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती वर्षानुवर्षं अशा माणसांना आसरा देत आल्या आहेत. तिथला एक बिछाना, एक जेवण यावर कुठलीही फीत नसते. शस्त्रक्रिया, किमो, शेक यांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो, योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असं लिहिलेलं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी बसा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट पूर्ण सवलतीत मिळतं, सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के सवलत. ही माहिती पोचवणं हेही दानच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

खरेदीच करायची हौस असेल तर रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बनवलेल्या वस्तू घ्या. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही मुंबईतली संस्था १९६९ पासून काम करते आणि तिच्या पुनर्वसन केंद्रात अशा भेटवस्तू बनतात. त्यातून बनवणारीला कमाई होते. आणि हातात कला असेल तर सुती दोऱ्याने विणलेली स्तनाकृती शिकून घ्या. स्तन काढल्यावर कित्येक जणी ब्लाउजमध्ये रुमालाची घडी कोंबून वावरतात, कारण सिलिकॉनची आकृती हजारोंच्या घरात जाते आणि आपल्या उन्हाळ्यात तिच्याखाली घामाने अंग भिजून जातं. विणलेली आकृती हलकी, धुता येणारी. ती विणून फुकट देणारे गट भारतात आहेत. घरात पडलेली क्रोशाची सुई त्यापायी बाहेर काढायला हरकत नाही.

संशोधनाला द्यायचं असेल तर तेही दूर जायला नको. टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या अकरा केंद्रांवर १,५८३ स्त्रियांवर एक साधा प्रयोग केला. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती बधिरतेचं नेहमीचं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. असल्या औषधात कुठल्याही कंपनीला नफा नाही, म्हणून असल्या संशोधनाला आपल्यासारख्यांचे पैसे लागतात.

शेवटी तुमच्या घरातल्या त्या एका बाईबद्दल. आई असेल, सासूबाई, मोठी नणंद, कामाला येणाऱ्या मावशी. पन्नाशी उलटलेली, "मला काय होतंय" म्हणणारी. तिला लेख वाचून दाखवू नका, ती ऐकणार नाही. येत्या आठवड्यातला एक सकाळचा वेळ काढा, तिला घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा, आणि रांगेत उभ्याच आहात तर तुमचाही केसपेपर काढा.